एक मीटरच्या अलीकडे

"काका, नळी ओढली होती ना बाहेर?" चंद्रप्रकाशने विचारलं ते अगदी सहज, चहात साखर टाकली होती ना असं विचारावं तसं, आणि घाटकोपरच्या त्या हातभर रुंद दुकानात काउंटरला पोट टेकून उभ्या असलेल्या धोंडू कांदळगावकराला आधी वाटलं, हा मागच्या कोणाशी तरी बोलतोय. मागे कोणी नव्हतं. दुधी काचेखाली दिवा लागलेला होता आणि तिच्यावर निगेटिव्हच्या सहा पट्ट्या, एकीखाली एक, छत्तीस चौकोन. काळ्याचं पांढरं मनातल्या मनात करायची धोंडूला सवय होती. विक्रोळीच्या कारखान्यात तीस वर्षं त्याने सत्कार, अपघात, नवी यंत्रं आणि साहेबांचे निरोपसमारंभ असेच पट्टीवर वाचले होते. पण या छत्तीस चौकोनांत वाचायला काही नव्हतं. प्रत्येकात मधोमध एक काळपट गोळा, त्याच्यावर फिकट टोपी, आणि कडा कुठेच नाही. पाण्यात शाई पडावी आणि कोणी ती ढवळून निघून जावं, तसं. "मला वाटलं माझ्याच केमिकलची वाट लागली," चंद्रप्रकाश सांगत होता. "पण रोलच्या कडेचे आकडे बघा, चकाचक. म्हणजे धुण्यात काही नाही. लेन्स, काका. ती तुमची आत जाणारी नळी. हल्ली पोरं येतात ना असले जुने कॅमेरे घेऊन, दहातल्या चौघांचं हेच. पण तुम्ही? यार, तुम्ही तर आम्हाला शिकवणार." त्याने पाकिटातून एक मोठा प्रिंटही काढून दाखवला. म्हटलं कागदावर तरी काही उमटेल, म्हणाला. कागदावर राखाडी धुकं होतं आणि धुक्यात जराशा दाट धुक्याची एक बाई होती, किंवा मडकं होतं, किंवा खाडीतला खडक. "परत काढा ना, त्यात काय एवढं. कसला कार्यक्रम होता?" "कार्यक्रम नव्हता," धोंडू म्हणाला. "घरचंच होतं."

आता हा कॅमेरा म्हणजे रशियन, आणि त्याची लेन्स पन्नास एमएमची, बुटकी, काम नसताना कासवासारखी मान अंगात ओढून घेणारी. काम असलं की नळी चिमटीत धरायची, बाहेर ओढायची, थोडी पिळायची. कट् असा बारीक आवाज आला की बसली. एवढंच. मूल भात गिळायला शिकतं तसं धोंडूचा हात ते शिकला होता आणि मग धोंडूला कधी विचारत नव्हता. पण या जातीच्या कॅमेऱ्यात एक खोडी असते. बघायची खिडकी वेगळी, वर कोपऱ्यात. डोळा खिडकीतून बघतो, फिल्म लेन्समधून बघते, आणि दोघांची आयुष्यात गाठ पडत नाही. नळी आत असो, लेन्सवर टोपण असो, तुमचा स्वतःचा अंगठा असो, खिडकीत जग तेवढंच स्वच्छ. खिडकीच्या मधोमध पिवळसर ठिपका असतो आणि त्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो, एकाच्या खांद्यावरून दुसरा डोकावल्यासारखा. लेन्सची कडी फिरवली की दोघं एकमेकांकडे सरकत येतात, आणि एक झाले की फोकस. अकरा दिवसांपूर्वी, रविवारी सकाळी, शेवंती एक झाली होती. छत्तीस वेळा झाली होती. धोंडूने स्वतःच्या डोळ्याने बघितलं होतं, आणि त्याच्या डोळ्याने फिल्मला त्याबद्दल अक्षर सांगितलं नव्हतं.

बाहेर दुपार पांढरी झाली होती. मेट्रोच्या पत्र्यांमागे कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं. धोंडूने पाकीट शर्टाच्या आत, बनियनला लावून ठेवलं आणि बसस्टॉपवर उभा राहिला, आणि त्याच्या मनाने त्याला न विचारता कामाला सुरुवात केली. एक सांगून ठेवायला हवं, धोंडू खोटं बोलायचा नाही. तो खऱ्याला वाढवायचा. पाहुणे जास्त आले की आमटीत तांब्याभर पाणी ओततात, तसं. या कॅमेऱ्याचंच घ्या. पहिली दहा वर्षं तो कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या एका रशियन इंजिनिअरने प्रेमाने दिलेला होता. पुढे त्या इंजिनिअरच्या घशात सुरमईचा काटा अडकला आणि धोंडूने भाताचा मुठीएवढा गोळा कोंबून त्याला वाचवला. नव्वदच्या सुमाराला इंजिनिअरचं वजन दीडशे किलो झालं आणि तो विक्रोळीच्या खाडीत रुतला; धोंडूने त्याला कांदळवनाच्या मुळांना दोर बांधून ओढला तेव्हा चिखलातून आधी एक टोपी निघाली, मग इंजिनिअर, मग इंजिनिअरच्या खिशातून दोन जिवंत खेकडे आणि हा कॅमेरा. निवृत्तीच्या दिवशी त्याने ही गोष्ट माइकवर सांगितली, तेव्हा चिखलावर रोहित पक्ष्यांची रांग उभी होती आणि ते सगळे धोंडूच्या तालावर मान हलवत होते. लोक हसून हसून खुर्चीवरून पडले. खरं म्हणजे कॅमेरा चोरबाजारातला. त्याच्या चामड्याच्या पिशवीत आतल्या बाजूने कोणाचं तरी नाव कोरलेलं होतं आणि धोंडूने ते ब्लेडने खरवडलं होतं. हे फक्त शेवंतीला माहीत होतं. ती गोष्टीच्या वेळी कायम ताटं उचलायला उठायची.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. त्याला वाटलं, आपण घरी पोचणार हे आता नक्की आहे. शेवंती वाट बघत असणार. सकाळी निघताना तिने फोटोचं विचारलं होतं, "आज गावतलो ना?" आणि तो म्हणाला होता, "आज म्हंजे आज." आजारपणात तिची मालवणी परत आली होती. पंचेचाळीस वर्षं कन्नमवार नगरात राहून, शेजारणींशी, भाजीवाल्याशी, डॉक्टरशी बोलून घासली गेलेली तिची भाषा जशी डॉक्टरांनी "घरी न्या, घरीच बरं" म्हटलं तशी एकेका शब्दाने मागे निघाली, देवगडच्या दिशेने. हात बारीक झाले, पोट वाढलं, डोळ्यांचं पांढरं आधी पिवळं झालं मग हळदीचं. आणि एका सकाळी ती म्हणाली, माझो फोटो काढा. धोंडूने हातातली औषधाची बाटली परत खाली ठेवली. कारण शेवंतीने फोटो काढून दिला नव्हता त्याला अडतीस वर्षं होत होती. लग्नाबारशाच्या फोटोंत ती कोणाच्या तरी पाठीमागे असायची, पदराचं टोक नाहीतर कोपर. कारखान्याच्या हळदीकुंकवाच्या फोटोत तिच्या जागी एक समई होती. लोक म्हणायचे, अहो कांदळगावकर, तुमचीच बायको तुमच्या फोटोत नाही. की तो डोळा मारून सांगायचा, हिला रशियनाने नजर लावली म्हणून ती लपते. आणि आता, काढा म्हणाली. धाकट्या दिराच्या बायकोचं, सुलक्षणेचं, काय केलं बघितलंत ना, म्हणाली. बघितलं होतं. सुलक्षणा गेली तेव्हा घरात तिचा धड फोटो सापडेना, म्हणून आधार कार्डावरचाच वाढवून भिंतीवर चढवला, आणि ती बिचारी चंदनाच्या हारातून अजून असं बघते की कोणाचं तरी पाकीट मारताना पकडली आहे. "माका तसा नको," शेवंती म्हणाली. "माका आधी दाखवा. मी बगतलंय, मगच भितीर लावा." शेजारची संघमित्रा, जी रोज इंजेक्शन द्यायला यायची, ती म्हणाली, काकू, मी काढते ना मोबाईलवर, मस्त येईल, गोरं पण करता येतं. "नको गे बाय," शेवंती म्हणाली. "ह्येंच्या त्याच डब्यान काढूचो." त्याच. धोंडूने तो शब्द ऐकला होता आणि ऐकून पुढे गेला होता.

रविवार. तो मनातल्या मनात रविवारच्या कडेकडेने फिरू लागला, नळी कुठे राहिली ते शोधत. संघमित्राने शेवंतीला आंघोळ घालून, दोन्ही बाजूंनी पिना लावून, मोरपंखी लुगडं नेसवून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. तोंडाला जरा पावडर. कुंकू शेवंतीने स्वतः लावलं. उजेड डावीकडून येत होता, ताकासारखा. धोंडूने अकरा वर्षांनी पिशवीचं बटण उघडलं. जुन्या चामड्याचा तो आंबूस वास आला. त्याने शटर दोनदा रिकामं उडवून बघितलं, रोल घातला, अंतर मोजलं, खाटेच्या कडेला पाठ लावून बसलं की बरोबर दीड मीटर. आणि मग? मग शेवंती म्हणाली होती, "सावली पडत नाय मां?" तो म्हणाला, नाही गं, झकास उजेड आहे, आणि तिचं तोंड आवळलेलं दिसलं म्हणून, तिने जरा हसावं म्हणून, त्याने सुरू केलं: "तो रशियन चिखलात रुतला ना, तेव्हा..." तिथे. नळी तिथे राहिली. एरवी हात जे काम करायचा त्या क्षणी हात रशियनाचं वजन दाखवत होता. छत्तीस फोटो होईपर्यंत त्याने दीडशे किलोचा रशियन पुरा बाहेर काढला, खेकड्यांसकट, रोहित पक्ष्यांसकट, आणि शेवंती सगळा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, हसली नाही, हललीसुद्धा नाही. पक्षी बघून घेतात तशी, मान जराशी कलती. शेवटी म्हणाली, "झाला?" तो म्हणाला, झालं. "बरा," ती म्हणाली, आणि संघमित्राला हाक मारली. त्यानंतर ती खुर्चीत बसली नाही. त्या अकरा दिवसांत तिच्या तोंडावरून कोणीतरी रोज थोडं थोडं मांस उचलून नेलं होतं. आता कानशिलांत वाटीएवढे खड्डे होते आणि दात मोठे झाले होते. परत काढा ना, त्यात काय एवढं.

तर सांगायचं काय? बस हायवेला लागली आणि गोष्ट आपोआप उभी राहायला लागली, जशी नेहमी राहते, आधी पाय, मग धड. शेवंते, फोटो असा आलाय, असा आलाय की चंद्रप्रकाशने बघितला आणि खुर्चीवरून उठून उभा राहिला. म्हणाला, काका, मुंबईत असा फोटो वीस वर्षांत कोणी काढला नाही, मी याला चांगल्या कागदावर मोठा करून देतो, चार दिवस द्या. चार दिवस. संघमित्रा काल जिन्यात हळूच म्हणाली होती, काका, आता आठवडा धरून चालू नका. म्हणजे गोष्टीला चार दिवस पुरेसे होते. चार दिवसांनी लागले तर आणखी दोन, कागद संपला, वीज गेली, चंद्रप्रकाशची सासू वारली. त्याला स्वतःचा हिशोब कळला आणि बसच्या गरम पत्र्याला टेकलेला दंड त्याने आखडून घेतला. त्याला कळलं की आपण शेवंती लवकर जावी म्हणून गोष्ट रचतोय. नाही, तसं नाही. तिला बरं वाटावं म्हणून. तो एका वाक्यावरून दुसऱ्यावर उडी मारत होता आणि खाली पाणी दिसत होतं.

"काका, जरा सरकून बसा ना," मांडीवर पिशवी घेतलेली एक बाई म्हणाली, आणि धोंडू सरकला, आणि सरकता सरकता ते आलं. ते असंच यायचं. म्हणून तो बोलत राहायचा. मीठ भरलेल्या खोलीत नंदा चटईवर होती. मीठ कुठून आलं? मीठ नव्हतं, उजेड होता, सकाळचा, पण आठवणीत तो कायम मिठासारखा पडलेला. नंदा चार वर्षांची, त्यांची एकुलती. तीन दिवसांचा ताप मेंदूत गेला आणि चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता तिला दवाखान्यातून परत आणली. चाळीसारख्या त्या गॅलरीत बायका उभ्या होत्या, कोणीतरी फुलं आणायला गेलं होतं. ही गोष्ट धोंडूने आयुष्यात दोनदाच सांगितली, आणि दोन्ही वेळा त्यात एक म्हातारा शेजारी होता, जो म्हणाला, अरे धोंडू, पोरीचा एकही नीट फोटो नाही, एक काढून ठेव. असा शेजारी नव्हता. कोणी काही म्हणालं नव्हतं. धोंडूने स्वतःच स्टुलावर चढून कपाटावरची पिशवी उतरवली होती. चिमटीत नळी धरली, ओढली, पिळली, कट्. त्या खोलीत तेवढा एकच आवाज झाला. तो गुडघ्यावर बसला, खिडकीला डोळा लावला, पिवळ्या ठिपक्यात दोन नंदा होत्या, एक जरा वर तरंगत असलेली, आणि त्याने कडी फिरवून तिला खाली आणली, दुसरीत मिसळली, आणि त्याला बरं वाटलं. हे त्याने कोणाला कधी सांगितलं नाही, की त्या क्षणी त्याला बरं वाटलं, काम जमल्यासारखं. आणि मग उजेड बघून तो म्हणाला होता, "शेवंते, वायच सरक. सावली पडता तुझी." शेवंती पोरीच्या उशाशी होती. तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. आणि सरकली. फोटो अजून पत्र्याच्या डब्यात आहे. पापणीचा एकेक केस मोजून घ्यावा इतका स्वच्छ.

तो स्टॉप चुकला. पुढच्या स्टॉपवरून उलट चालत आला. पाडायला काढलेल्या इमारतींच्या उघड्या भिंतींवर कोणाकोणाच्या देवघरांचे चौकोन दिसत होते, आणि खाडीकडून चिखलाचा तो ओला, गोडसर वास येत होता, ज्यात त्याने दीडशे किलोचा माणूस रुतवला होता. जिन्यावर संघमित्रा उतरताना भेटली. "काका, कुठे होतात? काकूंनी दोनदा विचारलं. पेज दोन चमचे घेतली फक्त. काय, आला का फोटो?" तिने हसून हात पुढे केला. "आला ना," धोंडू म्हणाला, आणि बनियनवरचं पाकीट हाताने दाबून धरलं, छातीत दुखणाऱ्या माणसासारखं. "आधी तिला दाखवतो." "हो, हो, आधी काकूच. मग मला. मी आंघोळ घातली होती, माझा पण हक्क आहे!" असं म्हणून ती दोन दोन पायऱ्या टाकत खाली गेली.

शेवंती भिंतीला तीन उशा लावून पडली होती. खाट खिडकीला समांतर होती आणि ऊन अजून चादरीच्या कडेपर्यंत येत होतं. "इलात?" ती म्हणाली. तो इलंय म्हणाला, चपला काढल्या, पाणी प्यायला, पेला पालथा घातला, परत सुलटा केला. "गावलो?" आणि मग तो बोलायला लागला. काय बोलला ते तुम्हाला ठाऊकच आहे. फक्त चंद्रप्रकाश खुर्चीवरून उठला एवढ्यावर थांबला नाही, त्याने शेजारच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारून दाखवला, झेरॉक्सवाल्याने एका जाणाऱ्या बाईला थांबवलं, आणि दुकानासमोर इतकी गर्दी झाली की हवालदार आला आणि हवालदाराने फोटो बघून टोपी काढली. धोंडू स्वतःचा आवाज ऐकत होता. आवाज चांगला लागला होता. "चार दिवसांत देतो म्हणालाय. मोठ्या कागदावर." शेवंतीने डोळे मिटले नव्हते. "नाक कसा इला?" तिने विचारलं. "नाक? अगदी धारदार. चमकीसुद्धा दिसते, ठिणगीसारखी." "लुगडा?" "काठाचा एकेक मोर." "आणि तीळ?" "दिसतो ना." "खंयच्या बाजूक?"

धोंडू तीळ शोधायला जरा पुढे झुकला. त्याने तिच्याकडे बघितलं. तिने उशीच्या बाजूने मान वळवून घेतली होती, एक गाल भिंतीकडे, एक त्याच्याकडे, आणि त्याच्याकडच्या पिवळ्या, आत गेलेल्या गालावर काही नव्हतं. मग तिकडे असणार. का हनुवटीखाली? पंचेचाळीस वर्षं या तोंडासमोर तो जेवला होता. त्याला रशियनाच्या मिशीचा रंग सांगता आला असता, सोनेरी, टोकाला तंबाखूने पिवळी. चिखलातून निघालेल्या खेकड्याची कुठली नांगी तुटलेली होती तेही. "उजव्या," तो म्हणाला. पंखा कुरकुरत फिरत होता, आणि प्रत्येक फेऱ्याला एकदा अडखळत होता. मग ती म्हणाली, आवाज न चढवता, भात लागला असं सांगावं तशी: "नळी भायर ओढलीच नाय तुमी."

त्याला वाटलं पाकिटातून दिसलं असेल. त्याने शर्टावर हात ठेवला. "माका दिसत होता," ती म्हणाली. "समोर बसवलात ना माका. सगळो टायम त्या नळीच्या तोंडाकडेच बगी होतंय. मिटलेला." "मगे सांगलंस कित्याक नाय?" हे त्याने जवळजवळ ओरडून विचारलं, आणि ओरडल्यावर त्याला त्यातला राग ऐकू आला, की छत्तीस फोटो, पूर्ण रोल, एक शब्द बोलली असतीस तर. शेवंतीने श्वास गोळा केला. बोलण्याआधी आता तिला श्वास गोळा करावा लागायचा, सांडलेले मणी वेचावे तसा. "माका बगूचा होता," ती म्हणाली. आणि मग: "नंदाच्या टायमाक इसरलात नाय."

धोंडू उठला. कुठे जायचं ते न ठरवता उठला, खोली दहा बाय बाराची, जाण्यासारखं फार काही नव्हतं. तो कपाटापर्यंत गेला. पाकीट बाहेर काढून त्याने खाटेवर तिच्या हाताजवळ ठेवलं. तिने ते उघडलं नाही, बोटाने थोडं बाजूला सारलं, चादरीवरची मुंगी सारावी तसं. एखादी गोष्ट येईल म्हणून तो थांबला. इतक्या वर्षांत ती कधी आली नाही असं झालं नव्हतं. दार ठोठावायचीसुद्धा नाही, सरळ घरात यायची. आली नाही. कपाटावर पिशवी होती. त्याने ती उतरवली, बटण उघडलं, कॅमेरा काढला, आणि शेवंतीकडे तोंड करून उभा राहिला. नळी चिमटीत धरली, ओढली, पिळली. कट्. त्या आवाजाला शेवंतीने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "भुतूर रोल आसा?" तिने विचारलं.

तो म्हणू शकला असता, आहे. म्हणू शकला असता, शेवटचा एक, खास ठेवलेला, जपानहून मागवलेला. जिभेवर तो शब्द येऊन बसलाही होता, पाय हलवत. "नाय," धोंडू म्हणाला.

"मगे बगा," ती म्हणाली.

त्याने खिडकीला डोळा लावला. पिवळ्या ठिपक्यात दोन शेवंत्या होत्या, एक उशीवर आणि एक उशीच्या जरा वर, पातळ, आरपार दिसणारी. त्याने कडी फिरवली, आणि त्या एक झाल्या, आणि त्याला तिचं तोंड दिसलं. वाटीएवढे खड्डे, सुकलेले ओठ, डोळ्यांतली हळद. हे त्याने अकरा दिवस रोज बघितलं होतं, आणि बघितलं नव्हतं. "जवळ येवा," शेवंती म्हणाली. तो एक पाऊल पुढे गेला, त्या फुटल्या, त्याने कडी फिरवून परत आणल्या. "आजून." आणखी एक पाऊल. तिने सावकाश मान इकडे वळवली आणि भिंतीकडचा गाल उजेडात आला. तीळ डाव्या डोळ्याखाली होता, तांदळाच्या कणीएवढा. "आजून जवळ." तो पुढे वाकला. गुडघा खाटेच्या लोखंडाला लागला. कडी टोकाला जाऊन टेकली. एक मीटर. त्याच्या अलीकडचं या लेन्सला काही कळत नाही, कधी कळलं नव्हतं. कारखान्यात कोणी फार जवळ आलं की तो हसून म्हणायचा, साहेब, एक पाऊल मागे, माझा रशियन लाजतो. ठिपक्यात दोन शेवंत्या सुट्या होत्या आणि तो जितका वाकत होता तितक्या लांब होत होत्या, एक दुसरीच्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे बघत असलेली. त्याला वाटलं आता डोळा काढावा, कॅमेरा खाली ठेवावा, नुसतं बघावं. त्याचं बोट मात्र कडीवर होतं आणि न सरकणारी कडी रेटत होतं. पाठीमागे खिडकी होती. दोन्ही तोंडांवर हळूहळू काळोख चढत होता आणि तो कशाचा ते त्याला कळेना, पंख्याचा, ढगाचा, की बसमधलं तेच परत आलं असेल.

"वायच सरका," शेवंती म्हणाली. "सावली पडता तुमची."